पुराणातली वांगी

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. सबमिशन संपलं होतं, मेसमध्ये फीस्ट झाली होती आणि पोट तुडुंब भरल्यामुळे कुणालाच झोप येत नव्हती. आमच्या विंगमधल्या एका रूममध्ये सात-आठ जण एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसून नार्नियाचा २००५ सालचा पहिला सिनेमा बघत होतो. त्यात अस्लान नावाचा सिंह एका अपराधी मुलाच्या बदल्यात स्वतःचा जीव देतो आणि सकाळी पुन्हा जिवंत होतो. तो सीन आला तेव्हा एक जण म्हणाला, की हा सिंह म्हणजे येशू ख्रिस्त आहे. त्यावर आमच्या विंगचा ऑफिशियल नास्तिक म्हणाला, की मग त्यात नवीन काय? मरून परत येणारे देव इजिप्तपासून ग्रीसपर्यंत ढिगाने होते, ख्रिस्ताची गोष्ट ही त्यांचीच कॉपी आहे. तेव्हा पुराणातली वांगी पुराणात ठेवा आणि सिनेमा पुढे चालू करा! सगळे हसले. मीही हसलो.

पण तो प्रश्न डोक्यात राहिला. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालो, प्रार्थना पाठ केल्या. घरी गणपती, शाळेत येशू, दोन्हीकडे हात जोडायचे एवढंच ठाऊक. ही गोष्ट खरी की पुराणकथा, हा प्रश्न शाळेत कुणी काढला नाही आणि मलाही सुचला नाही. सुट्टीत नार्नियाच्या लेखकाबद्दल वाचायला घेतलं, तर वेगळीच गंमत कळली. आमचा नास्तिक जे बोलला, अगदी तेच त्या लेखकाने वयाच्या सतराव्या वर्षी आपल्या मित्राला पत्रात लिहिलं होतं. आणि पुढे ज्या कारणासाठी तो ख्रिस्ताला नाकारत होता, नेमक्या त्याच कारणाने तो ख्रिस्ती झाला. त्याचं नाव सी. एस. लुईस. ही त्याची गोष्ट. (माझं मराठी इंग्लिश मीडियमचं आहे. संपादक मंडळाने बरंच सांभाळून घेतलंय, उरलेल्या चुका माझ्या!)

क्लाईव्ह स्टेपल्स लुईस याचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात झाला. वडील वकील. आई फ्लोरा त्या काळात गणित आणि तर्कशास्त्र शिकून पदवीधर झालेली. त्याला आपलं नाव अजिबात आवडत नव्हतं. लहानपणीच त्याने जाहीर करून टाकलं की यापुढे मला जॅक म्हणायचं, आणि घरचे व मित्र त्याला जन्मभर जॅकच म्हणत राहिले. थोरला भाऊ वॉर्नी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. घर पुस्तकांनी भरलेलं होतं. जिन्यात पुस्तकं, माळ्यावर पुस्तकं. बाहेर आयर्लंडचा पाऊस. दोघं भाऊ माळ्यावर बसून गोष्टी रचायचे.

एकदा वॉर्नीने बिस्किटाच्या डब्याच्या झाकणात शेवाळं आणि काटक्या लावून छोटीशी बाग केली. ती बघून जॅकला आत काहीतरी झालं. आनंद म्हणावा तर त्यात एक कळ होती, आणि कळ म्हणावी तर ती पुन्हा यावी असं वाटत होतं. पुढे नॉर्वे-आईसलँडकडच्या पुराणातल्या बाल्डर या सुंदर देवाच्या मृत्यूवरची एक कविता चाळताना पुन्हा तेच झालं. बाल्डर कोण हे त्याला धड माहीतही नव्हतं. पण उत्तरेकडचं थंड, अफाट आकाश एकदम समोर उघडल्यासारखं वाटलं. या हुरहुरीला त्याने पुढे ‘जॉय’ असं साधं नाव दिलं. ती कशाची ओढ आहे, या एका प्रश्नाचा पाठलाग त्याने आयुष्यभर केला असं म्हटलं तरी चालेल.

१९०८ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरा कॅन्सरने गेली. जॅक नऊ वर्षांचा होता. तिने बरं व्हावं म्हणून त्याने प्रार्थना केली. ती गेल्यावर, चमत्कार होऊन ती परत येईल म्हणून प्रार्थना केली. ती आली नाही. आपल्याला वाटेल की इथेच पोराचा देवावरचा विश्वास उडाला असेल. पण मोठेपणी त्याने लिहिलं ते वेगळंच आहे. तेव्हा तो देवाला एक जादूगार समजत होता. यायचं, काम करून द्यायचं आणि निघून जायचं. जादू चालली नाही, एवढंच. श्रद्धा गेली ती नंतर, आणि वेगळ्या वाटेने.

आई गेली त्यानंतर महिनाभरातच त्याला इंग्लंडमध्ये बोर्डिंगला पाठवलं. ज्यांनी पहिल्यांदा हॉस्टेलवर सामान टाकून घरच्यांना टाटा केला आहे, त्यांनी ती रात्र आठवावी. फक्त आपण अठरा वर्षांचे होतो आणि तो नऊ वर्षांचा. ती शाळा भयानक होती. हेडमास्तर मुलांना फोडून काढायचा. पुढे ती बंद पडली आणि त्या हेडमास्तराला वेडा ठरवलं गेलं.

तेराव्या वर्षाच्या आसपास जॅकची श्रद्धा सुटली. कारणं अनेक होती, पण एक आपल्या विषयाचं आहे. वर्गात ग्रीक आणि लॅटिन काव्यं शिकवताना शिक्षक असं धरूनच चालायचे की त्यातले सगळे देव म्हणजे निव्वळ भ्रम. जगात हजारो धर्म, सगळे खोटे, आणि नेमका आपला तेवढा खरा! हे त्या मुलाला पटेना. अपवाद का करायचा, हे कुणी सांगतही नव्हतं. मग त्याने आपल्यापुरता अपवाद काढून टाकला.

१९१४ मध्ये वडिलांनी त्याला सरे परगण्यात विल्यम कर्कपॅट्रिक नावाच्या निवृत्त हेडमास्तरांकडे शिकायला ठेवलं. हे सर म्हणजे चालताबोलता व्हायवा. स्टेशनवरून घरी चालत येताना जॅक सहज बोलून गेला, की इथला निसर्ग वाटला होता त्यापेक्षा जास्त रानटी आहे. सरांनी तिथेच थांबवलं. रानटी म्हणजे काय? आणि तसा नसेल असं तुला वाटलं होतं ते कशाच्या आधारावर? नकाशे पाहिले होतेस? पुस्तकं वाचली होतीस? पोराकडे उत्तर नव्हतं. म्हणजे या विषयावर मत असण्याचा तुला काही हक्क नाही, असा निकाल सरांनी दिला. दुसरा कुणी असता तर रडला असता. जॅकला हा माणूस प्रचंड आवडला. विचार करायला आपल्याला त्यांनीच शिकवलं असं तो कायम मानत आला.

सर कट्टर निरीश्वरवादी होते. त्याच काळात जेम्स फ्रेझर यांच्या ‘द गोल्डन बाऊ’ या ग्रंथाचा बोलबाला होता. १८९० साली दोन खंडांत आलेला हा ग्रंथ पुढे वाढत वाढत बारा खंडांपर्यंत गेला. त्यात जगभरच्या चालीरीती आणि दैवतकथा गोळा केल्या आहेत. इजिप्तचा ओसायरिस, पूर्वेकडचे तम्मुझ आणि ॲडोनिस, ॲटिस, उत्तरेचा बाल्डर. देव मरतो, लोक रडतात, देव परत येतो. फ्रेझर यांचं म्हणणं असं की याच्या मुळाशी शेती आहे. बी जमिनीत पुरलं जातं आणि अंकुर वर येतो, त्याचीच ही रूपं. मग ख्रिस्त तरी वेगळा कशाला? १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये जॅकने बेलफास्टच्या आपल्या जिवलग मित्राला, आर्थर ग्रीव्ह्जला, लिहून कळवलं की सगळे धर्म म्हणजे माणसांनी रचलेल्या पुराणकथा आहेत आणि ख्रिस्ताची कथाही त्यातलीच एक.

गंमत म्हणजे त्याच वर्षी तो त्या पुराणकथांच्या पार प्रेमात होता! वॅग्नरचं संगीत, उत्तरेच्या सागा, ग्रीक शोकांतिका. डोकं एकीकडे, मन दुसरीकडे. ज्यावर जीव जडला ते सगळं काल्पनिक, आणि जे खरं ते रुक्ष आणि निरर्थक, अशी त्याची फाळणी झालेली होती. अणू आहेत, रेणू आहेत, युद्ध आहे. देव नाही, आणि आहे ती हुरहुर फसवी. मला वाटतं, आपल्यापैकी बरेच जण अशाच दोन खोल्यांत राहतात. एका खोलीत लॅब असते आणि दुसरीत रात्री ऐकायची गाणी. मधलं दार बंद.

आता इंजिनिअरिंगवाल्यांसाठी खास. हा माणूस ऑक्सफर्डच्या प्रवेशाच्या परीक्षेत गणितात नापास झाला! बीजगणित. आई गणिताची पदवीधर, पण पोराच्या डोक्यात ते शेवटपर्यंत शिरलं नाही. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना त्या परीक्षेतून सूट मिळाली म्हणून तो सुटला, नाहीतर तिथेच अडकला असता. पण ती सूट स्वस्तात मिळालेली नव्हती. १९१७ साली एकोणिसाव्या वाढदिवसाला तो फ्रान्समधल्या खंदकात पोहोचला. एप्रिल १९१८ मध्ये तोफगोळ्याचे तुकडे लागून जखमी झाला. त्याचा मित्र पॅडी मूर मारला गेला. दोघांपैकी जो मरेल त्याच्या घरच्यांना दुसऱ्याने सांभाळायचं, असं त्यांचं ठरलं होतं. लुईसने पॅडीच्या आईला १९५१ मध्ये ती जाईपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून जास्त, सांभाळलं. तेव्हा तो देव मानत नव्हता, पण दिलेला शब्द मानत होता.

ऑक्सफर्डमध्ये त्याने १९२०, १९२२ आणि १९२३ अशा तीन वेळा पहिला वर्ग काढला आणि १९२५ साली मॉडलिन कॉलेजात इंग्रजी साहित्याचा फेलो झाला. पुढच्या वर्षी, मे १९२६ मध्ये, प्राध्यापकांच्या एका मीटिंगमध्ये त्याला एक बारीक, भरभर बोलणारा माणूस भेटला. जे. आर. आर. टोल्कीन. होय, तोच, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला. टोल्कीनचीही आई तो बारा वर्षांचा असताना गेली होती. तोही उत्तरेच्या सागांचा वेडा. मूळ आईसलँडिक भाषेत त्या वाचायला त्याने एक मंडळ काढलं होतं, त्यात लुईस गेला आणि दोस्ती जमली. एकच फरक. टोल्कीन पक्का कॅथलिक होता.

त्याच सुमारास आणखी एक धक्का बसला. लुईसच्या ओळखीतला एक कडक नास्तिक एका संध्याकाळी त्याच्या खोलीत शेकोटीपाशी बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, की शुभवर्तमानांच्या ऐतिहासिकपणाचा पुरावा तसा बराच भक्कम आहे. फ्रेझरच्या त्या मरणाऱ्या देवाचं सगळं प्रकरण एकदा खरंच घडून गेलं असावं असं वाटतं. एवढं बोलून त्याने विषय सोडून दिला, पण लुईस हादरला. हा माणूससुद्धा सुरक्षित नसेल, तर आपण कुठे जाणार?

१९२९ साली, त्याने स्वतः लिहिलंय त्याप्रमाणे, तो देव आहे इथवर आला. (एका अलीकडच्या चरित्रकाराच्या मते ते साल १९३० असावं.) पण देव मानणं वेगळं आणि ख्रिस्त मानणं वेगळं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी क्रूसावर मेला, त्याचा आज इथे मला काय उपयोग, हा त्याचा प्रश्न होता. उदाहरण म्हणून उपयोग असेल. पण चर्च तर म्हणत होतं की त्या मरणाने जग वाचलं. वाचलं म्हणजे नक्की काय झालं? इथे गाडी अडली.

१९ सप्टेंबर १९३१, शनिवार. टोल्कीन आणि ह्यूगो डायसन हा दुसरा मित्र मॉडलिनमध्ये जेवायला आले. जेवणानंतर तिघं कॉलेजच्या मागच्या नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला निघाले. त्या रस्त्याचं नाव ॲडिसन्स वॉक. बोलणं पुराणकथांवर आलं. लुईस म्हणाला, की त्या कितीही सुंदर असल्या तरी शेवटी खोट्याच. टोल्कीन म्हणाला, नाही, खोट्या नाहीत. तेवढ्यात त्या शांत, उबदार हवेत अचानक वाऱ्याचा झोत आला आणि इतकी पानं गळाली की तिघांना पाऊस आला असं वाटलं. तिघंही श्वास रोखून उभे राहिले.

मग खोलीवर येऊन पुन्हा सुरू. टोल्कीनचा मुद्दा थोडक्यात असा होता. माणूस गोष्टी रचतो, कारण तो स्वतः एका रचणाऱ्याने रचलेला आहे. म्हणून त्याच्या गोष्टींत, कितीही वेड्यावाकड्या असल्या तरी, खऱ्या उजेडाचा एखादा तुकडा येतोच. आणि दोघांनी मिळून लुईसला त्याच्याच मनातली एक विसंगती दाखवली. बाल्डर मरतो तेव्हा तुझ्या अंगावर काटा येतो. ओसायरिसची गोष्ट तुला हलवते. तिथे तू विचारत नाहीस की याचा मला उपयोग काय. देवाने स्वतःचा बळी दिला ही कल्पना तुला सगळीकडे आवडते, फक्त बायबलमध्ये नाही! मग त्याच मोकळ्या मनाने ही गोष्ट वाच. ही पण पुराणकथाच आहे, तशीच काम करते. फरक एकच, ही घडली. बाकीच्या गोष्टी देवाने कवींच्या मनातून सांगितल्या, ही त्याने प्रत्यक्ष माणसांतून आणि घटनांतून सांगितली. तिला ठिकाण आहे, पाँटियस पायलेट नावाचा रोमन अधिकारी आहे, साक्षीदार आहेत.

टोल्कीन पहाटे तीनला घरी गेला, डायसन चारला. (बघा, ऑक्सफर्डचे प्रोफेसरसुद्धा नाईट मारायचे.) नऊ दिवसांनी, २८ सप्टेंबरला, लुईस भावाच्या मोटरसायकलच्या साईडकारमध्ये बसून व्हिपस्नेडच्या प्राणिसंग्रहालयाकडे निघाला. निघताना तो ख्रिस्ताला देवाचा पुत्र मानत नव्हता. पोहोचला तेव्हा मानत होता. रस्त्यात विशेष विचार केला होता असंही नाही. हिशेब आधीच झाला होता, उत्तराखाली रेघ तेवढी त्या दिवशी मारली. १८ ऑक्टोबरला त्याने त्याच आर्थरला पुन्हा पत्र लिहून कळवलं की ख्रिस्ताची कथा ही खरी पुराणकथा आहे. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या पत्राचं हे उत्तर होतं, स्वतःच स्वतःला दिलेलं. टोल्कीननेही त्या रात्रीच्या वादावर ‘मिथोपोइआ’ नावाची एक कविता लिहिली.

ही गोष्ट फक्त एका माणसाच्या धर्मांतराची असती तर मी लिहिली नसती. मला इंटरेस्ट वाटला तो तर्काच्या वळणात. आकडे तेच, पुरावा तोच, उत्तर उलट. फ्रेझरच्या यादीवरून लोक म्हणत होते की इतक्या गोष्टी सारख्या, म्हणून ही खोटी. लुईस म्हणू लागला की जे खरंच घडणार होतं, त्याची चाहूल सगळ्या मानवजातीला थोडीथोडी लागलेली असणं साहजिकच आहे. सारख्या गोष्टी सापडल्या नसत्या तर उलट नवल! सारखेपणाचा प्रश्न तसा फार जुना. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने असं उत्तर दिलं होतं, की सैतानांनी भविष्यवाण्या ऐकून आधीच नकला करून ठेवल्या. लुईसने त्या गोष्टी सैतानाच्या खात्यातून काढून देवाच्या खात्यावर टाकल्या. इतर लोकांच्या पुराणांना शिव्या न देता आपला धर्म मानता येतो, हे मला यात आवडलं.

१९४४ मध्ये त्याने यावर एक छोटा निबंध लिहिला. त्यातला विचार मी आपल्या भाषेत सांगतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यावर सेंट्रीपेटल फोर्सचा फॉर्म्युला आठवत नाही, आणि पेपरात फॉर्म्युला लिहिताना पोटात गोळा येत नाही. अनुभव घ्या किंवा समजून घ्या, दोन्ही एकदम होत नाही. लुईसच्या मते पुराणकथा ही या दोन्हींच्या मधली जागा आहे. एरवी जे नुसतं तत्त्व म्हणून कळतं, त्याची तिथे चव कळते. म्हणून ख्रिस्तकथेतला पुराणकथेचा भाग काढून टाकू नका आणि इतिहासाचा भागही सोडू नका, असं तो दोन्ही बाजूंना सांगत राहिला.

कारण तेव्हा दुसरी बाजूही जोरात होती. जर्मनीत रुडॉल्फ बुल्टमान या मोठ्या धर्मपंडिताने १९४१ मध्ये मांडलं, की विजेचे दिवे आणि रेडिओ वापरणारा माणूस बायबलमधल्या भुताखेतांच्या, चमत्कारांच्या जगावर विश्वास ठेवू शकत नाही. तेव्हा पुराणकथेचं टरफल काढून आतला संदेश घ्यावा. इंजिनिअर लोकांना हे लगेच पटतं. लुईसला पटलं नाही. १९५९ साली केंब्रिजमध्ये पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांपुढे तो बोलला, की मी जन्मभर पुराणकथा आणि महाकाव्यं वाचत आलो, त्यांची चव मला माहीत आहे, आणि शुभवर्तमानांची चव तशी नाही. येशू खाली वाकून बोटाने मातीत काहीतरी लिहितो, काय लिहितो ते कुणी सांगत नाही. असा विनाकारण तपशील त्या काळी कुणी मनाने रचत नसे.

आमच्या नास्तिकाला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, की सारख्या गोष्टी सापडल्या तरी मी बरोबर आणि नाही सापडल्या तरी मी बरोबर, असा सिद्धांत तपासायचा कसा? प्रश्न बरोबर आहे. आणखीही एक अडचण आहे. फ्रेझरची यादीच आता तेवढी पक्की राहिलेली नाही. १९८७ मध्ये जोनाथन स्मिथ या अभ्यासकाने दाखवलं की त्यातले काही देव मरतात पण परत येत नाहीत, आणि काही परत येतात पण मेलेले नसतात. २००१ मध्ये मेटिंगर या स्वीडिश अभ्यासकाने उत्तर दिलं की काही देव खरोखरच मरून परत येणारे होते. वाद चालू आहे. म्हणजे आमचा नास्तिक आणि लुईस, दोघंही ज्या जमिनीवर उभे होते तीच थोडी हलते. आणि टोल्कीनने सांगितलेली चाहूल हा पुरावा नाही, तो एक पाहण्याचा कोन आहे. गोष्ट घडली की नाही, हे शेवटी इतिहासातच तपासावं लागतं.

लुईसलाही हरणं माहीत होतं. १९४८ मध्ये ऑक्सफर्डच्या एका वादसभेत एलिझाबेथ ॲन्स्कम या तरुण तत्त्वज्ञ बाईंनी (त्या स्वतः श्रद्धाळू कॅथलिक!) त्याच्या चमत्कारांवरच्या पुस्तकातल्या तिसऱ्या प्रकरणाची चांगलीच चिरफाड केली. त्याने १९६० च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्याने लिहिलं. चूक दाखवली तर ड्रॉईंग शीट पुन्हा काढायची, ही कर्कपॅट्रिक सरांची शिकवण.

१९५० ते १९५६ या काळात नार्नियाची सात पुस्तकं आली. टोल्कीनला ती आवडली नाहीत, त्याला ती सगळी सरमिसळ वाटली. अस्लान मरतो आणि उठतो तेव्हा लहान मुलांना ख्रिस्त दिसतोच असं नाही. लुईसला ते चालत होतं. आपल्याला बाल्डर भेटला तसा त्यांना अस्लान भेटावा, नाव नंतर कळेल.

पण खरी परीक्षा पुढेच होती. साठीकडे झुकलेल्या या ब्रह्मचारी प्रोफेसराचं जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी लग्न झालं. १९५६ मध्ये आधी रजिस्टर, तिचं इंग्लंडमधलं राहणं कायम व्हावं म्हणून. मग तिला कॅन्सर निघाला आणि मार्च १९५७ मध्ये हॉस्पिटलच्या खाटेशेजारी धर्मविधीने. आईला झालेला तोच रोग. पुन्हा प्रार्थना. या वेळी ती खरंच उठून चालायला लागली. एप्रिल १९६० मध्ये दोघं ग्रीसला जाऊन आली. ज्या भूमीच्या कथांवर तो लहानपणापासून जगला, ती त्याने तिच्याबरोबर पाहिली. जुलैमध्ये ती गेली.

त्यानंतर त्याने वह्यांत जे लिहिलं, ते १९६१ मध्ये टोपणनावाने छापलं. ते वाचताना भीती वाटते. देव आहे का हा त्याचा प्रश्न नव्हता. देव असा क्रूर तर नाही ना, हा होता. दार वाजवावं आणि आतून कडी लावल्याचा आवाज यावा, तसं त्याला वाटत होतं. पुराणकथेवरचे सगळे सुंदर युक्तिवाद त्या वहीत कुठेच कामाला येत नाहीत. शेवटी तो हळूहळू सावरतो, पण युक्तिवादाने नाही. नऊ वर्षांच्या जॅकचा देव जादूगार होता. एकसष्ट वर्षांच्या जॅकचा देव जादूगार नव्हता, आणि तरी त्याने त्याला सोडलं नाही. मला वाटतं, ज्या गोष्टीतला देव स्वतः मरतो, ती गोष्ट नुसती आवडते की खरी वाटते, हे त्याला तिथेच कळलं असावं.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस गेला. त्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली, त्यामुळे ही बातमी कुणाच्या लक्षातही आली नाही. बरोबर पन्नास वर्षांनी, २०१३ मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या कवींच्या कोपऱ्यात त्याच्या नावाची शिळा बसवली.

जाता जाता. पुराण म्हणजे थाप, हा अर्थ आपण हल्ली लावतो. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइट पाद्र्याने ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओव्यांत लिहिली आणि ती १६१६ साली गोव्यात रायतूरला छापली. तिला आज आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतो. ऐकणाऱ्यांना पुराण म्हणजे खोटं असं वाटत असतं, तर कुठल्या पाद्र्याने तो साचा घेतला असता?

आणि ती वांगी? काही जण सांगतात की मूळ म्हण वांग्यांची नाहीच. शब्द होता वानगी. दुकानदार मूठभर धान्य हातावर ठेवतो ना, पोत्यात काय आहे ते कळावं म्हणून, ती वानगी. लुईसचं सगळं म्हणणं या एका शब्दात बसतं. जगभरच्या पुराणांत मिळते ती वानगी, पोतं पुढे आहे. आमच्या नास्तिकाचं म्हणणं, की वानगीच खरी, पोतं कुणी पाहिलंय? दोघांपैकी कोण बरोबर, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पुराणातली वांगी म्हणून हसून सिनेमा पुढे ढकलणं आता मला जमत नाही.

(टी. ई. मेकॅनिकल)